अळणी उन्हाळा

होळी जळाली की माझं डोकं फिरतं, हे आमच्या घरात आता सगळ्यांना ठाऊक आहे. सून म्हणते, आईंना ऊन बाधतं. यवतमाळच्या उन्हात जन्म गेला माझा, ऊन मला काय बाधणार. मला बाधतो तो वास. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी अजून कुरड्या घालतं. शिजत्या चिकाचा तो आंबूस, गरम वास जिन्यानं खाली उतरतो आणि मी हातातलं काम टाकून बसते. मग दोन दिवस माझ्याशी कुणी बोलू नये. मीही बोलत नाही.

हल्ली वाळवण करतं कोण म्हणा. पाकीट फोडलं की पापड. मला त्याचं काडीचं दुःख नाही. लोक गहिवरून सांगतात, काय ते दिवस होते, बायका एका अंगणात जमायच्या, गाणी म्हणत पापड लाटायच्या. जमायच्या खऱ्या. गाणीही म्हणायच्या. पण कंबरडं मोडायचं, धुरानं डोळे सुजायचे, आणि जमलेल्या बायकांच्या तोंडाला कुलूप नसायचं. ते कुणी गाण्यांबरोबर सांगत नाही.

छप्पन साली आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा उन्हाळा. मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यात नवी सून होते. घरची कपाशीची पऱ्हाटी, तूर, ज्वारी. घरात माणसं मोजकी. सासरे, त्यांना आमच्याकडे मामाजी म्हणायचं. सासू, म्हणजे आत्याबाई. आमचे हे. आणि माझी नणंद शांता, सोळा-सतरा वर्षांची.

शांतानं अन्न सोडलं, असं लोक म्हणतात. तसं एकदम कुणी सोडत नाही. आदल्या श्रावणात तिनं सोमवार धरले. मग शनिवार धरले. मग एकादशी, चतुर्थी, आणखी कसला तरी एक वार. गावात केवढं कौतुक झालं. बायका आपापल्या पोरींना सांगायच्या, पाहा तिच्याकडं, शिका काही. आत्याबाईही फुशारून गेल्या होत्या, खोटं कशाला बोलू. श्रावण संपला, भादवा संपला, दिवाळी आली. पोरीचे उपास काही संपले नाहीत. फराळाचं ताट पुढं आलं तेव्हा ती म्हणाली, भूक नाही. तेव्हापासून तिला भूक नव्हतीच.

कारण काय, असं मला आजही कुणी विचारलं तर मी सांगते, मला माहीत नाही. कुणी म्हणालं बाहेरची बाधा. कुणी म्हणालं नजर. भगत बोलावून झाला, लिंबू उतरवून झालं, मिरच्या चुलीत टाकून झाल्या, आम्हीच खोकून खोकून मेलो. मामाजींनी बैलगाडीनं आणि मग मोटारीनं यवतमाळला नेलं. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "अशक्तपणा आहे. दूध द्या, फळं द्या. लग्न करून टाका, आपोआप खाईल." त्यानं पोरीची नाडी पाहिली, डोळे पाहिले, जीभ पाहिली. आत्याबाई बाहेरच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्यांच्याकडं कुणी पाहिलं नाही. पाहायचं काय होतं म्हणा, त्या काही आजारी नव्हत्या.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा फार चमत्कारिक वाटायची. शांता स्वतः खायची नाही, पण रांधायची अशी की बोटं चाटावीत. दिवसभर चुलीपाशी. भरीत करायची, पातोड्या करायची, भाकर अशी थापायची की पापुद्रा टम्म फुगलेला. मग सगळ्यांसमोर बसून आग्रह करकरून वाढायची. "वहिनी, अजून घे ना. दादा, तू कालपासून अर्धीच खाऊन राह्यला." आम्ही जेवायचो आणि ती आमच्या घासांकडं पाहत राहायची. तिच्या मनगटाचं हाड वर आलेलं असायचं. भर चैत्रात ती चादर पांघरून बसायची, तिला थंडी वाजायची.

आणि आत्याबाई शांताच्या तोंडाकडं पाहत राहायच्या. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, त्यांचं दुसरं काम उरलं नव्हतं. तिनं अर्धी भाकर खाल्ली तर आत्याबाईंच्या आवाजात जीव यायचा, त्या गड्याशीसुद्धा हसून बोलायच्या. नाही खाल्ली तर घर सुतकात. मग भांडी जपून ठेवायची, पावलं न वाजवता चालायचं, मामाजींनी सुपारी कातरली तरी मोठा आवाज झाल्यासारखं वाटायचं. ढोरांच्या गव्हाणीत एकदा मला भाकरीचे तुकडे सापडले. मी मुकाट्यानं चाऱ्याखाली लोटले. आत्याबाईंना ते आधीच सापडले होते, हे मला मागून कळलं. त्या रोज गव्हाण चाचपायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत.

"एक घास घे वं माये. मले दाखवासाठी तरी घे."

"जेवली ना मी. तुले दिसत नाही तं मी काय करू?"

हे रोजचं. कधी विनवणी, कधी धाक, कधी गूळ, कधी शिव्या. एकदा त्यांनी तिचा जबडा दाबून वरणभात कोंबला. पोरीनं तो सगळा त्यांच्याच लुगड्यावर थुंकला. आत्याबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मर मग एकदाची. सोडव मले." बोलल्या आणि दुसऱ्याच क्षणाला स्वतःच्या तोंडात फाडफाड मारून घेऊ लागल्या. मी हात धरले तर हाताला मांस लागेना. मी शांताचे हात पाहत आले होते इतके दिवस. आत्याबाईंचे हात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

तिथून पुढं माझा जीव शांतासाठी नाही, आत्याबाईंसाठी टांगणीला लागला. शांताकडं पाहायला अख्खं गाव होतं. या बाईकडं पाहायला मी एकटी.

आमच्याकडं रीत अशी की घरची मोठी बाई सगळ्यांच्या मागून जेवते. आता ज्या घरात एक माणूस जेवतच नाही, तिथं सगळ्यांचं होणार कधी? मी म्हणायची, "आत्याबाई, तुमी घ्या ना दोन घास." त्या म्हणायच्या, "मी काय, मी मोप जेवली आजपावतर. तिचं होऊ दे." मग शेवटी भाकरीचा कोर चुलीपाशी उभ्याउभ्या चावायच्या. तेवढंच.

एवढ्यावर भागलं असतं तरी बाई निभावली असती. पण माघात त्या केळापूरच्या देवीला जाऊन आल्या. येताना चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, पोर कुणी बरी केली की काय. पाय धुता धुता मला म्हणाल्या, "बोलून आली मी देवीले. पोट्टी पोटभर जेवत नाही तोवर मी मीठ खाणार नाही."

माझं टाळकंच सरकलं. "काहून बोलल्या तुमी असं? देवीनं मागतलं काय?"

"देवी कायले मागते? आपण द्याव."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बायका पाया पडायला आल्या. माय असावी तर अशी. ज्या तोंडांनी पोरीच्या उपासाचं कौतुक केलं होतं त्याच तोंडांनी आता मायच्या अळणीचं. आमच्याकडं न खाणाऱ्या बाईचं कौतुक फार. खाणारीला कुणी ओवाळल्याचं मी तरी पाहिलं नाही. मामाजींना मी दाराआडून म्हटलं, तुम्ही सांगून पाहा. त्यांनी जोडे पायात सारले. म्हणाले, "तिचा नवस हाय. त्यात मी कोण बोलणार?" आमचे हे म्हणाले, मायचं समाधान होऊन राह्यलं तं होऊ दे.

मग उन्हाळा लागला आणि वाळवणं आली. वाळवण म्हणजे सगळा मिठाचा खेळ. उडदाच्या पिठात मीठ, पापडखार. मूगवड्यांत मीठ. चिकात मीठ. पीठ कुटून तयार झालं की घरच्या बाईनं बोटभर चाखायचं आणि सांगायचं, बरोबर हाय, किंवा, चिमूटभर अजून. आमच्या गावात आत्याबाईंची जीभ नावाजलेली. दुसऱ्यांच्या घरची पिठंही त्यांच्याकडं चाखायला यायची. त्या वर्षी त्यांनी बोट पिठाला लावलं, सवयीनं तोंडाशी नेलं आणि तिथंच थांबवलं. मग बोट पदराला पुसलं. शांताकडं पाहिलं. शांतानं मान फिरवली. दोघी मायलेकी, दोघींचे हात कोपरापर्यंत मिठाच्या पिठात, आणि दोघींपैकी एकीच्याही जिभेला ते चालेना. मग मी चाखायचं. त्या उन्हाळ्यात त्या घराची जीभ मी झाले. मला कधी मीठ कळलंच नाही नीट. पापड खारट झाले की फिके, मला आजही सांगता येणार नाही.

लाटायला शेजारच्या बायका यायच्या. त्यांत मामाजींच्या चुलत घरातल्या थोरल्या काकी. नवरा गेलेला, घर सुनांच्या हाती, आणि या गावभर मोकळ्या. पोळपाट मांडून बसल्या की एक लाटी पापडाची आणि एक गोष्ट कुणाच्या तरी घरची. त्या आत्याबाईंच्या तोंडावर म्हणाल्या, "मायच्या हाताले चव नसंल तं पोट्टी काय करंल." आत्याबाई हसल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लाडानं नासवली." त्यालाही आत्याबाई हसल्या. पण तिसरं जे त्यांनी काढलं ते ऐकून माझ्या हातातलं लाटणं थांबलं. पाळीच्या बाईनं वाळवणाला शिवायचं नाही, ती बाजूला बसते. काकींनी हिशेब लावला होता. इतक्या दिवसांत सगळ्याजणी एकदा तरी बाजूला बसल्या, शांता काही बसली नाही. म्हणजे काय? काकींनी भुवई तेवढी वर केली. चार बायकांनी चार बायकांकडं पाहिलं.

पोरीच्या अंगात रक्त नव्हतं तर पाळी कुठून येणार. मी तसं म्हटलंही, चांगलं ठणकावून म्हटलं. पण सुनेनं बोललेलं काय आणि वाऱ्यानं नेलेलं काय. आत्याबाई उठून आत गेल्या. ज्वारीच्या कणगीला कपाळ टेकून उभ्या होत्या. मी मागं गेले तर मागं न वळता म्हणाल्या, "मले कधी कधी असं वाटते वं, मी तिची माय नसती तं बरं झालं असतं. मंग मीबी चार बायकांत बसून हसली असती." एवढंच. मग डोळे पुसून परत बाहेर जाऊन पापड लाटायला बसल्या, काकींच्या शेजारी. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला नाही वाटत. जळत असतं तेव्हा त्यालाही पुरतं कळत नाही.

परवा सून फोनमध्ये वाचून सांगत होती. आई, तुमच्या नणंदेला होता ना तो आजार आहे, त्याला नाव आहे, औषध आहे, बोलून बोलून बरं करतात. मी म्हटलं, नाव मिळालं, बरं झालं. पण आत्याबाईंना काय झालं होतं त्याचं नाव विचार त्या फोनला. ती पुन्हा फोनकडं वळली. मग बिचारीनं खरंच विचारलं असावं, कारण बराच वेळ वाचत होती. शेवटी म्हणाली, सांभाळणाऱ्यानं वेळेवर जेवावं, झोपावं, कुणाशी तरी बोलावं, असं लिहिलंय. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. इतकं साधं. हेच तर मी सांगत होते त्या बाईला चुलीपाशी उभं राहून.

शांता पुढं बरीच वर्षं आमच्याकडंच राहिली. लग्न झालं नाही. कधी खायची, कधी महिने महिने सोडायची. माझ्या पोरांना तिनंच भरवलं, घास चिमणीचा, घास काऊचा. बरी झाली असं मी म्हणणार नाही. निभली. तिच्यावर मी रागावलेही पुष्कळ आणि तिच्यावाचून माझं पानही हललं नाही. तो राग मी कधी लपवला नाही. लपवलेला राग माणसाला आतून कुरतडतो, हे मी पाहिलं होतं.

तर कुरड्यांचा दिवस. वैशाख अर्धा झाला असेल. भिजलेला गहू वाटून, गाळून, चीक तयार होता. चीक शिजवायचा म्हणजे मोठ्या पितळी गंजात, हाटून हाटून, हात थांबला की गाठी. ते काम आत्याबाई दुसऱ्या कुणाला देत नसत. पहाटे चूल पेटवली होती. त्या दिवशी घरात जरा बरं होतं. आदल्या सांजेला शांतानं दुधात कुस्करून थोडी भाकर खाल्ली होती. आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, "अशीच खाल्ली तं आखाडीपर्यंत नवस फिटते पाह्य." शांता सोऱ्या धरून अंगणात बाजेवर कुरड्यांचे वेढे घालत होती. काहीतरी चुकलं, वेढा तुटला, ती हसली. तिला हसताना पाहून आत्याबाई चीक हाटायचं विसरल्या. मी म्हटलं, गाठी होतील. त्या म्हणाल्या, "होऊ दे."

उन्हं तापली. मी दोनदा म्हटलं, द्या मी हाटते, तुम्ही सावलीत बसा. त्यांनी ऐकलं नाही. तिसरा गंज चुलीवर असताना त्या उठल्या, पदरानं तोंड पुसलं आणि जिथं उभ्या होत्या तिथंच खाली आल्या. आवाजसुद्धा झाला नाही, अंगात वजनच नव्हतं.

सपरीत, म्हणजे ओसरीत, नेऊन निजवलं. कांदा फोडून तळपायांना चोळला, डोक्यावर ओलं फडकं. पाय असे वळत होते की मला दोन्ही हातांनी धरवेनात. उन्हाचा मारा बसला की कैरीचं पन्हं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी कैरी उकडली, कोळली, गूळ घातला, मीठ घातलं. आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेऊन वाटी ओठाला लावली. एक घोट आत गेला. त्यांनी डोळे उघडले.

"मीठ हाय वं यात."

"असू द्या आत्याबाई. औषध हाय हे."

त्यांनी तो घोट बाहेर सोडला आणि ओठ मिटून घेतले. मी वाटी पुढं केली, त्यांनी मान फिरवली. मी विनवलं, ओरडले, मामाजींना म्हटलं, तुम्ही सांगा हो. मामाजी खाली बसले, बायकोचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "घे ना." आयुष्यात त्यांना मी पहिल्यांदा तिच्याकडं काही मागताना पाहिलं. तिनं घेतलं नाही. उंबऱ्यात शांता उभी होती. ती पाहत होती, एक बाई दुसरीला घास घे म्हणून विनवतेय आणि ती ओठ उघडत नाही.  मग पुढं येऊन तिनं माझ्या हातातली वाटी घेतली. "माये, घे वं. माये, माह्यासाठी." आत्याबाईंचे डोळे तिच्यावर होते. ओठ मिटलेले.

मी बिनमिठाचं पन्हं केलं, ते थोडं पोटात गेलं. यवतमाळला न्यायला गाडी जुंपेपर्यंत उन्हं कलली होती. गाडी वेशीपाशीही पोचली नाही.

गाव म्हणालं, ऊन लागून गेली. खरंच होतं ते. त्या उन्हाळ्यात ऊन आणखी दोघांना लागलं होतं. ते मिठाचं पाणी प्याले आणि चार दिवसांत वावरात गेले.

तेरवीला पाहुण्यांनी घर भरलं. पुरुषांची पंगत उठली, बायकांची बसली. आमच्याकडं पान मांडलं की आधी मीठ वाढतात. ते शांता वाढत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला, आपली उठली आणि वाटी घेऊन फिरू लागली. ती निम्म्या पंगतीत आली असेल तेव्हा थोरल्या काकी बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

"नवस अधुरा ठेवून गेली बिचारी. देवीचं असं अर्धं ठेवलं तं घराले भोवते. सुनेनं घ्यावा आता तो."

"हो वं, घ्यावा," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी डोळे पुसले. माझ्या शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, मायेनं. मी कधीच इतकी चांगली बाई झाले नव्हते, जितकी त्या घटकेला त्या पंगतीत झाले. नुसतं गप्प बसायचं होतं. मीठ न घेता जेवायला लागायचं होतं. गावातल्या बायका माझ्याही पाया पडल्या असत्या.

शांता माझ्या पानाशी आली. वाटी हातात, चिमूट भरलेली, आणि चिमूट तशीच वर.

"वहिनी, वाढू काय?"

पंगत थांबली. मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या गालांची हाडं, खोल गेलेले डोळे, तीच ती पोर, अजून उपाशी, उद्याही उपाशी, आणि उद्यापासून तिच्या तोंडाकडं पाहणारी मी. मला तिची माया होती. आत्याबाईंसाठी काळीज तुटत होतं. पुढं करायला पोटात मूलही नव्हतं, असतं तर त्याच्यासाठी खाते असं तरी सांगता आलं असतं. फक्त मी होते, आणि मला भूक लागली होती.

"वाढ," मी म्हटलं.

तिनं वाढलं. वरणभातात मीठ कालवून मी घास घेतला. काकी म्हणाल्या, "काळीज नाही हिले." मी दुसरा घास घेतला.

शांता त्या दिवशी जेवली नाही. मी जेवले, पोटभर.